विकिपीडियावरची मानसिक आरोग्याची पानं: ती कोणत्या नियमांनी लिहितात आणि फोनवर ते कसं तपासायचं?

‘डिप्रेशनची लक्षणे मराठी’, ‘पॅनिक अटॅक किती वेळ राहतो’, ‘झोपेच्या गोळीची सवय लागते का’. असे सर्च आपण बहुतेक वेळा रात्री करतो, एकटे असताना करतो आणि नंतर हिस्टरी पुसून टाकतो. घरात विचारायची सोय नसते, डॉक्टरकडे जायचं की नाही हेही ठरलेलं नसतं. अशा वेळी समोर येणाऱ्या रिझल्ट्समध्ये विकिपीडियाचं पान हमखास असतं. ज्या चॅटबॉटला आपण हेच प्रश्न विचारतो, त्यांच्या ट्रेनिंगमध्येही विकिपीडियाचा मजकूर वापरलेला असतो.

मग साधा प्रश्न येतो. जे पान कोणीही बदलू शकतं, त्यावर एवढ्या नाजूक विषयात विश्वास ठेवायचा कसा? मी स्वतः मराठी आणि इंग्रजी विकिपीडियावर अधूनमधून संपादन करतो, त्यामुळे हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं, की पान ‘कोणी’ लिहिलं हे शोधत बसू नका. ते कोणत्या नियमांनी लिहायचं असतं ते माहीत करून घ्या आणि समोरच्या पानावर ते नियम पाळलेत का ते बघा. हे काम फोनवर दोन मिनिटांत होतं.

लेखकाचं नाव नाही, मग आधार कशाचा?

आपला मराठी विश्वकोश आठवा. तिथे नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, मागे संपादक मंडळ असतं. चुकलं तर जबाबदार कोण हे कळतं. विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी आवृत्ती १ मे २००३ ला, आणि तिथली पद्धत उलटी आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि बारावीतला विद्यार्थी यांच्या संपादनाला सारखंच वजन असतं. ‘मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे’ हे कारण चालत नाही. तुमच्या वाक्याला छापील किंवा प्रकाशित आधार आहे का, एवढंच विचारलं जातं.

ऐकायला हे विचित्र वाटतं, पण यात एक फायदा आहे. खऱ्या डॉक्टरचं मत आणि स्वतःला ‘माइंड कोच’ म्हणवणाऱ्याचं मत, दोन्ही एकाच चाळणीतून जातात. अर्थात चाळणी वापरणारं कोणी असेल तर. त्याबद्दल पुढे सांगतो.

कोणता संदर्भ चालतो, कोणता नाही

इतिहास, सिनेमा, क्रिकेट या विषयांत चांगल्या वर्तमानपत्रातली बातमी संदर्भ म्हणून चालते. वैद्यकीय विषयात चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर वैद्यकीय संदर्भांसाठी वेगळे, जास्त कडक नियम आहेत आणि मानसिक आजारांना तेच लागू होतात. एकट्यादुकट्या संशोधनाचा निबंध पुरेसा धरत नाहीत. अनेक संशोधनं एकत्र तपासून लिहिलेला आढावा, मान्यवर वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचना किंवा पाठ्यपुस्तक हवं. तेही शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतलं.

इतकं कडक का, हे एका उदाहरणावरून बघू. जुलै २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांचा एक मोठा आढावा ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’ या नियतकालिकात आला. मेंदूत सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन होतं, या समजुतीला सातत्याने टिकणारा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर बातम्या झाल्या आणि सोशल मीडियावर त्यातून एक वेगळंच वाक्य फिरायला लागलं: ‘डिप्रेशनच्या गोळ्या काम करत नाहीत’. त्या आढाव्याने गोळ्या काम करतात की नाही हे तपासलंच नव्हतं. कारण कोणतं आणि उपाय कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डोकं दुखायचं कारण शरीरात पॅरासिटामॉल कमी पडणं हे नसतं, तरी गोळीने डोकं थांबतं.

आता समजा, कोणी बातमी वाचून विकिपीडियाच्या पानावर ते दुसरं वाक्य टाकलं. ते वाचून एखाद्याने सुरू असलेली गोळी एका दिवसात बंद केली. अशा औषधांपैकी बरीचशी अचानक थांबवली की चक्कर, झोप उडणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टर हळूहळू कमी करतात. पानावरच्या एका वाक्याची किंमत कुणालातरी अशी मोजावी लागते. नियमाप्रमाणे लिहायचं तर मॉनक्रीफ यांचा आढावा नक्की घ्यायचा, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे लिहून, आणि त्याच विषयावरच्या इतर मार्गदर्शक सूचनांच्या शेजारी ठेवून. बातमीचं हेडिंग उचलायचं नाही.

स्वतःचा अनुभव लिहिता येत नाही

नव्या संपादकांना सगळ्यात जास्त लागतो तो हा नियम. कोणी दोन वर्षं ओसीडीशी झगडलेलं असतं, मनापासून दोन परिच्छेद लिहितं आणि तासाभरात ते काढून टाकलेले दिसतात. सोबत कारण: संदर्भ नाही. वाईट वाटणारच. ‘माझ्यासोबत झालं, त्याला संदर्भ कसला?’ हा प्रश्न चुकीचा नाही.

तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. एकाला अमुक थेरपीने बरं वाटलं हे खरं असतं. तेच ज्ञानकोशात लिहिलं की वाचणाऱ्याला ते सगळ्यांसाठी खरं वाटतं. शिवाय अनुभवाचं दार उघडलं की त्यातून ‘या काढ्याने माझी एन्झायटी गेली’ हेही आत येतं आणि खरा अनुभव कोणता, जाहिरात कोणती हे ओळखायला कोणाकडे साधन नसतं. ही भीती काल्पनिक नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने पैसे घेऊन लेख लिहिणारी ३८१ खाती एका झटक्यात बंद केली होती. ते प्रकरण ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखलं जातं. त्याआधीच्या वर्षी, २०१४ मध्ये, वापराच्या अटींमध्येच बदल झाला होता: पैसे घेऊन संपादन करत असाल तर तसं जाहीर करा.

अनुभव लिहायला ब्लॉग आहे, दिवाळी अंक आहे, पुस्तक आहे. तिथे त्याची खरी गरज आहे आणि वाचणाऱ्याला ‘हे एकाचं आहे’ हे माहीत असतं.

गोळी किती घ्यायची हे पानावर का नसतं

औषधाच्या पानावर ते कशासाठी वापरतात, दुष्परिणाम कोणते, शोध कधी लागला हे सगळं मिळेल. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा हे सहसा मिळणार नाही. तसा नियमच आहे, आणि वाचकाला ‘तुम्ही’ म्हणून सल्ला द्यायचा नाही असंही ठरलेलं आहे. कोणीतरी खोडसाळपणे १०० चे १००० केले आणि ते कोणाच्या लक्षात येण्याआधी तुम्ही वाचलं, तर? डोस नसलेल्या पानावर ही चूक होऊच शकत नाही.

चाचण्यांचंही थोडं असंच आहे. पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची चाचणी कोणालाही मोफत वापरता येते, तिचा स्कोअर ० ते २७ मध्ये येतो. पानावर तिची माहिती देता येते, पण ‘तुमचा स्कोअर इतका आला म्हणजे तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं लिहिता येत नाही, कारण ही चाचणी फक्त अंदाज देते, निदान करत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या पुस्तकातले निकष तर शब्दशः टाकताच येत नाहीत. त्यावर कॉपीराइट आहे.

शाईच्या डागांचं भांडण

नियम असले म्हणजे सगळे प्रश्न सुटतात असं नाही. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं २००९ मध्ये.

हर्मान रोर्शाख या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये शाईच्या डागांच्या दहा चित्रांची चाचणी प्रसिद्ध केली. चित्र दाखवायचं आणि ‘यात काय दिसतं’ असं विचारायचं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो वारला. म्हणजे चित्रांचा कॉपीराइट कधीच संपलेला. कॅनडातल्या मूस जॉ गावातले डॉक्टर जेम्स हाइलमन यांनी २००९ मध्ये ती दहाही चित्रं इंग्रजी विकिपीडियाच्या पानावर टाकली.

मानसशास्त्रज्ञ भडकले. त्यांचं म्हणणं होतं, की ही चाचणी चालते ती माणूस चित्र पहिल्यांदा बघतो म्हणून. आधीच चित्रं पाहिली, वर लोक सहसा काय उत्तरं देतात तेही वाचलं, तर चाचणी बिघडते. अनेक दशकांचं संशोधन याच दहा चित्रांवर उभं आहे, नवी चित्रं लगेच आणता येत नाहीत. चाचणीच्या प्रकाशकाने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, हाइलमन यांच्याविरुद्ध त्यांच्या प्रांतातल्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रारीही गेल्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: चित्रं आधीच पुस्तकांत छापलेली आहेत, कायद्याने मोकळी आहेत, आणि ज्ञानकोश माहिती लपवत नाही. चित्रं राहिली. आजही आहेत.

मला स्वतःला यात दोन्ही बाजू पटत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता विकिपीडियावर आहे म्हणून कोणाची नजर तपासता येत नाही असं होत नाही, हा हाइलमन यांच्या बाजूचा मुद्दा मला कच्चा वाटतो. तक्ता पाठ केला तरी चष्म्याशिवाय बस दिसत नाही, त्यामुळे खोटं उघडं पडतं. मनाच्या चाचणीत तसं होईलच असं नाही. पण जी चाचणी एका वेब पानाने मोडते, ती कोर्टात आणि नोकरीच्या निवडीत लोकांचं भवितव्य ठरवायला वापरावी का, हाही प्रश्न उरतोच. विकिपीडियाच्या नियमांनी एवढंच ठरवलं की प्रकाशित, मोकळी माहिती काढायची नाही. त्याने नुकसान होईल का, हे नियम ठरवत नाहीत.

आत्महत्येबद्दल लिहिताना

इथे मात्र नुकसानाबद्दल बरीच पक्की माहिती आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या फार रंगवून येत होत्या. १९८७ मध्ये पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, बातम्यांचा सूर बदलला आणि त्यानंतर अशा घटनांमध्ये मोठी घट झाली. जागतिक आरोग्य संघटना आज माध्यमांना देते त्या सूचनांमागे असे अभ्यास आहेत. भारतीय प्रेस परिषदेनेही सप्टेंबर २०१९ मध्ये याच धर्तीवर नियम स्वीकारले: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, भडक मथळे देऊ नका, फोटो टाकू नका.

विकिपीडिया वर्तमानपत्र नाही, त्यामुळे हे नियम त्याला जसेच्या तसे बांधत नाहीत. पण चांगला संपादक ते पाळतो. इंग्रजीत ‘कमिट’ हे क्रियापद टाळावं का यावर बराच वाद झाला, कारण ते गुन्ह्याबरोबर येतं. आपल्याकडे ‘केली’ या शब्दात गुन्ह्याचा वास नाही, म्हणून तो वाद मराठीत आणण्यात अर्थ नाही. मराठीतली अडचण वेगळी आहे, ती ‘मुळे’ आणि ‘ने’ या प्रत्ययांत. ‘नापास झाल्याने’, ‘प्रेमभंगामुळे’, ‘मोबाइल न दिल्याने’. एका प्रत्ययात सगळं कारण संपवून टाकायची सवय आपल्या मथळ्यांना लागली आहे आणि तिथून ती विकिपीडियात शिरते. एवढ्या साध्या एका कारणाने असं घडत नाही, आणि तसं लिहिलं की नापास झालेल्या दुसऱ्या मुलाला ते उत्तर वाटू शकतं. असा प्रत्यय दिसला की मी तो काढतो.

चर्चा पानावर कोणी स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं तर? नियम स्पष्ट आहे: ती थट्टा आहे की खरं, हे संपादकाने ठरवायचं नाही. खरं धरायचं, वाद घालायचा नाही, आणि विकिमीडिया फाउंडेशनच्या आणीबाणीच्या ईमेलवर लगेच कळवायचं. पुढचं काम तिथले लोक करतात. आणि हे वाचताना तुम्हालाच कोणाशी बोलावंसं वाटत असेल, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २४ तास चालते. नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कोणाला कोणता आजार आहे, हे कोण सांगणार

दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये स्वतःच्या डिप्रेशनबद्दल स्वतः सांगितलं. म्हणून ते तिच्या पानावर येऊ शकतं. एखाद्या नटाने मुलाखतीत विचित्र उत्तरं दिली, त्यावरून कोणा डॉक्टरने टीव्हीवर अंदाज बांधला, तर ते येऊ शकत नाही. हयात व्यक्तींबद्दल विकिपीडियाचे नियम सगळ्यात कडक आहेत. बिनसंदर्भाचं वाक्य चर्चा न करता लगेच काढायचं असतं. आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सुद्धा उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई करतो.

मराठी पानांची खास अडचण: शब्द

‘स्किझोफ्रेनिया’ला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचं हे सरळ भाषांतर आहे, आणि म्हणूनच घोळ होतो. छिन्न मन म्हटलं की डोळ्यांसमोर ‘एका शरीरात दोन माणसं’ येतात, जे सिनेमात दिसतं. तो वेगळाच विकार आहे. स्किझोफ्रेनियात भास होतात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात. आणि भ्रम होतात, म्हणजे पुराव्याशिवायची खात्री बसते, जसं ‘सगळे माझ्या मागावर आहेत’. जपानमध्येही त्या आजाराच्या नावाचा अर्थ ‘मन फाटण्याचा आजार’ असाच होता. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये ते नाव अधिकृतपणे बदललं. मराठीत असं काही झालेलं नाही, म्हणून मी पानावर ‘स्किझोफ्रेनिया’च ठेवतो आणि मराठी शब्द एकदा सांगून पुढे जातो.

उलट ‘मंत्रचळ’ पाहा. ओसीडीसाठी हा जुना, नेमका शब्द आहे. पुन्हा पुन्हा हात धुणं, कडी लागली का ते दहा वेळा बघणं. आजीला सांगितलं तर तिलाही कळेल. ‘नैराश्य’ मात्र अडचणीचा शब्द आहे, कारण मॅच हरल्यावरही आपल्याला नैराश्य येतं. आजाराबद्दल लिहिताना तो दोन आठवडे किंवा जास्त टिकतो, झोप, भूक, कामातलं लक्ष सगळ्यावर परिणाम करतो, हे पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. आणि ‘वेडा’, ‘मनोरुग्ण’ अशा शिक्क्यांऐवजी ‘स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती’ असं लिहायचं. वाक्य लांबतं, चालेल.

मशीनने केलेलं भाषांतर तर वेगळाच विषय. इंग्रजीतल्या ‘ड्रग’चं कधी ‘औषध’ होतं, कधी ‘अमली पदार्थ’, आणि उपचारांच्या परिच्छेदात दुसरा अर्थ आला की वाचणाऱ्याचं काय होत असेल कल्पना करा. असा मजकूर माणसाने न वाचता प्रकाशित करू नये असं ठरलेलं आहे, पण मघाशी म्हटलं तशी चाळणी वापरणारी माणसं हवीत. इंग्रजीत खोडसाळ बदल क्लूबॉट एनजी नावाचा बॉट बऱ्याचदा काही सेकंदांत उलटवतो आणि वर हजारो लोक लक्ष ठेवून असतात. मराठीत नजर ठेवणारे मोजके आहेत. नियम तेच, पण चुकीचं वाक्य मराठीत जास्त दिवस टिकू शकतं.

फोनवर काय बघायचं

पान उघडलं की सरळ खाली जा. मोबाइलवर तळाशी शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. त्यावर टॅप केलं की इतिहास उघडतो: कोणी, कधी, काय बदललं. कालच कोणा नवख्या खात्याने मोठा परिच्छेद टाकला असेल तर तो परिच्छेद सावधपणे वाचा. मग वाक्याच्या शेवटचे छोटे आकडे बघा. आकड्यावर टॅप करा, संदर्भ वर येतो. तो वैद्यकीय संस्थेचा किंवा पाठ्यपुस्तकाचा आहे, की औषध विकणाऱ्या साइटचा? साल कोणतं? ‘संदर्भ हवा’ असा शिक्का दिसला तर ते वाक्य कोणीतरी आधीच संशयाने पाहिलेलं आहे. वर ‘चर्चा’ नावाचा टॅब असतो. वादाचा विषय असेल तर लेखापेक्षा तिथे जास्त कळतं.

मग भाषा बदलण्याच्या चिन्हावर टॅप करून इंग्रजी किंवा हिंदी पान उघडा. मराठी पानावर असलेला एखादा ‘हमखास उपाय’ बाकी दोन्हीकडे नसेल, तर तो जवळजवळ नक्कीच कोणीतरी घुसवलेला आहे. ‘संपादन’वर टॅप करून तुम्ही स्वतः तो काढू शकता. खातं नसेल तरी चर्चा पानावर दोन ओळी लिहा: कोणतं वाक्य, का खटकलं. मराठीत लक्ष ठेवणारे कमी असले तरी ‘अलीकडील बदल’ची यादी चाळणारं कोणीतरी असतं, आणि चर्चा पानावरची नोंद त्या यादीत दिसते.